पुढचं सात, मागचं दोन

सोमवार, ३ मार्च

नोकरी लागली. आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. बोलायला कोणी नसलं की माणूस भिंतीशी बोलतो म्हणतात, पण माझ्या खोलीची भिंत ओलसर आहे, तिच्याशी बोलावंसंही वाटत नाही. त्यापेक्षा वही बरी.

काम असं: शहरात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची ठिकाणं बसवायची आहेत. आमच्या विभागाच्या वाट्याला एकच ठिकाण, आणि त्यासाठी जागा दोन. एक टाकीचा चौक, म्हणजे पाण्याच्या उंच टाकीखालचं मोकळं मैदान. दुसरी वाचनालयाची गल्ली. जिथे गाड्या जास्त वेळ उभ्या राहतात तिथे यंत्र बसणार. कोण किती वेळ उभं राहतं ते मोजायला माणूस हवा होता. तो मी.

मॅडमनी (नियोजनाचं सगळं त्या बघतात, चेहऱ्यावर कधी काही दिसत नाही) पहिल्याच दिवशी एक युक्ती शिकवली. गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे आणि चाकात हवा भरायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घड्याळासारखं लिहायचं. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह खाली डावीकडे असेल तर सात. मागच्याचा वर उजवीकडे असेल तर दोन. पुढच्या फेरीला पुन्हा सात-दोनच दिसलं, तर गाडी हललेली नाही. जाऊन परत आली असेल तर काटे बदललेले असतात. दोन्ही चाकं पुन्हा त्याच जागी येणं जवळपास अशक्य.

"आणि ड्रायव्हर कुठे गेला, कशाला आला, ते?" मी विचारलं.

"ते आपलं काम नाही. गाडी मोजायची, माणूस नाही."

वाचनालयाच्या गल्लीत ती राहते, माझ्या कॉलेजातली. हे मी मॅडमना सांगितलं नाही. नशिबाने हात दिला असताना आपण कशाला बोट दाखवायचं?

मंगळवार, ४ मार्च

तासाच्या ठोक्याला टाकी, पुढच्या अर्ध्या तासाला गल्ली. मधे दहा मिनिटांची चाल. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पाय सुजले.

ती एक वाजता कॉलेजातून आली. जिना चढताना तिने वळून बघितलं. कदाचित पिशवीचा पट्टा सरकला म्हणून असेल, पण बघितलं.

खोलीत एकच खुर्ची आहे. तिच्यावर कपडे बसतात, मी पलंगावर. खाली टायरवाला दिवसभर रिमवर हातोडा मारतो. तो बंद झाला की कळतं, संध्याकाळ झाली.

शुक्रवार, ७ मार्च

आज लाइनमन काका बरोबर होते. वीज कंपनीतून निवृत्त व्हायला त्यांना सात महिने उरलेत. कुठल्या डीपीला, म्हणजे रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरला, किती भार झेपेल ते तपासून ते सही करतात. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं हे कळल्यापासून मला "इंजिनिअर" म्हणतात. पहिल्यांदा डोक्यात तिडीक गेली होती. आता जाते, पण थोडी.

"टाकीच्या डीपीत जागाच जागा आहे," ते म्हणाले. "तुझ्या गल्लीतली आहे ना, तिला उन्हाळ्यात पंखेसुद्धा जड जातात."

"माझी गल्ली कशी?"

"तू तिथे शिरताना केस सारखे करतोस म्हणून."

मी विषय बदलला. गल्लीत एक निळी गाडी येते, ती दाखवली. बॅटरीवरची आहे, आवाज नाही. रोज दोनच्या सुमारास येते आणि पाचला जाते. तीन तास जागची हलत नाही. चार्जिंगला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? एक चष्मेवाला उतरतो, तिच्याच इमारतीत जातो. हातात फळांची पिशवी असते. मला वाटतं त्या इमारतीत कोणीतरी आजारी आहे.

"फळं?" काका म्हणाले.

"हो."

"रोज?"

"रोज."

काकांनी डीपीचं झाकण लावलं, हात पुसले. "मग आजार मोठाच दिसतोय," म्हणाले.

रविवार, ९ मार्च

ताईचा फोन. ती दर रविवारी करते. घरात फोनवर माझ्याशी बोलणारी ती एकटीच. बाबा चौदा महिने बोललेले नाहीत. त्यांची बाजू मी समजू शकतो, पण माझी बाजू कोणी समजून घ्यायला नको? प्रॅक्टिकलला सर गल्लीतल्या तिला सगळ्यांसमोर "तुझ्याच्याने हे होणार नाही, तू नाव काढून घे" म्हणाले. मी मीटर उचलून भिंतीवर फेकला. माफीनामा लिही म्हणाले, नाही लिहिला. कॉलेज सुटलं. बाबांनी कॉलेज सोडायच्या अर्जावर सही केली ती इतकी दाबून की कागद फाटला. त्यानंतर मी ही खोली घेतली.

ती तेव्हा म्हणाली होती, "मी सांगितलं होतं का तुला?" काही मुली उपकार बोलून दाखवत नाहीत.

ताईने कामाचं विचारलं. कसं चालतोस, फेरी कशी मारतोस, उन्हाचं काय. मी म्हटलं, गोल फिरतो. तर म्हणाली, "गोल नको फिरू. एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. मग दार चुकत नाही." मी हसलो. ताई, गाड्या मोजतोय मी, दारं नाही! तीही हसली, जरा उशिरा. "सकाळी डावीकडून सुरू कर, सावली मिळते," असंही सांगितलं. ताई दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे बसते. तिला हे कुठून सुचतं कोण जाणे.

मंगळवार, ११ मार्च

एक कबूल करतो, इथेच. दुपारच्या टाकीच्या फेऱ्या मी मारत नाही. गेल्या मंगळवारपासूनच. एकला ती येते, तीनला वाचनालयात जाते, चारला बाल्कनीत कपडे काढायला येते. मधल्या वेळात टाकीवर जाऊन यायचं म्हणजे यातलं काहीतरी हुकतं. आणि टाकीवर आहे काय? सकाळी आठला मैदान रिकामं. बाराला रिकामं. पाचला रिकामं. मधे काय तिथे विमानं उतरणार आहेत?

संध्याकाळी ऑफिसात आकडे भरायला बसलो. टाकी: एक, दोन, तीन, चार वाजता, ही चार घरं मी रिकामी ठेवली. तर ती लाल झाली. रिकामं घर घेत नाही म्हणे, आकडा हवा. शून्य टाकलं. हिरवं झालं.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

बोलली! माझ्याशी! जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"तू इथे काय करतोयस?"

"काम." मी रजिस्टर दाखवलं.

"रोज?"

"रोज. सरकारी काम आहे." (कंत्राटी आहे, पण उभ्या उभ्या किती समजावणार.)

"घरी विचारत होते, हा गल्लीत वहीत लिहीत फिरतो तो कोण म्हणून."

"मग?"

"म्हटलं, ओळखत नाही."

मग तिने विचारलं, "चार्जर खरंच होणार का रे इथे? आम्हाला सोयीचं पडेल."

"तुमच्याकडे कुठे गाडी आहे?"

ती हसली. "होईल," म्हणाली आणि वर गेली.

दिवसभर मी जमिनीवर नव्हतो. घरच्यांसमोर तिने माझं नाव झाकलं, हे एक. "रे" म्हणाली, हे दोन. आणि "आम्हाला" म्हणाली. "मला" नाही. आम्हाला! या शब्दात माणसं किती मावतात याचा मी साडेतीन ते साडेचार विचार करत होतो. निळ्या गाडीची एक फेरी त्यात लिहायची राहिली. काही बिघडत नाही, ती कुठे जाते?

शनिवार, १५ मार्च

मोजणी संपली. दोन तासांहून जास्त उभ्या राहणाऱ्या गाड्या, रोजच्या सरासरीने: वाचनालयाची गल्ली, सहा. टाकीचा चौक, शून्य. मॅडमनी पत्रक वाचलं.

"टाकीवर दुपारी एकही नाही?"

"नाही."

"सही कर."

केली. यंत्र तिच्या खिडकीखाली लागेल. त्याची देखभाल करायला कोणीतरी लागेलच. आत्तापासून काय बोलायचं.

रविवार, १६ मार्च

ताईचा फोन. मी सगळं सांगितलं, म्हणजे यंत्राचं. ती खूश झाली, पण तिचे प्रश्न भलतीकडेच. "एकट्यानेच मोजलंस? दोन्ही ठिकाणं? पाय कसे आहेत?" मी म्हटलं, बूट चावतात. मागून कोणीतरी म्हणालं, "एक माप मोठं घ्यायचं असतं."

टीव्ही असावा.

मोजणी संपल्यामुळे गल्लीत जायला आता कारण नाही. आज खोलीत दोन माणसांपुरतं शिजवलं, चुकून. उरलेलं रात्रीसाठी ठेवलं.

बुधवार, १९ मार्च

भांडून आलो.

आज विभाग कार्यालयात हरकती ऐकायच्या होत्या. खोलीत पंधरा-वीस खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मॅडमनी यादी वाचली: टाकी शून्य, गल्ली सहा, म्हणून गल्ली. मागून एक बाई उठल्या. रुंद, उंच, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. शाळेची व्हॅन चालवतात.

"बाई, शून्य कसं?" त्या मॅडमना म्हणाल्या. "आमच्या चौदा व्हॅन आहेत. सकाळच्या शाळेची मुलं घरी सोडून साडेबाराला आम्ही टाकीखाली येतो, साडेचारला दुपारच्या शाळेची मुलं आणायला निघतो. रोज. चार तास. मोजणारा काय डोळे मिटून मोजत होता?"

माझं डोकं फिरलं. मी उभाच राहिलो. "मी मोजलंय! स्वतः! बारा दिवस!"

"तू? मग मी दिसले नाही तुला?" त्यांनी स्वतःकडे वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "मी न दिसायला मेहनत लागते, बाळा."

सगळे हसले. हसले म्हणून मी आणखी ओरडलो. "कोणीही उठावं आणि चौदा म्हणावं! कागद आहे का तुमच्याकडे? माझ्याकडे सही आहे!"

त्या हसल्या नाहीत. "कागद नाही," म्हणाल्या. "विजेची व्हॅन आहे. आमच्यात पहिली मीच घेतली. शाळा म्हणते, पुढच्या वर्षी विजेच्याच गाड्या लावू. आत्ता चार्ज करायला मला शहराच्या पार टोकाला डेपोवर जावं लागतं, दुपारची शाळा बुडते. शाळेने दोनदा बजावलंय. यंत्र इथे आलं नाही तर मी गाडी विकणार. आणि तेरा जण माझ्याकडे बघून थांबलेत. ते काय करतील ते तूच मोज."

खाली बसल्या. किल्ल्या वाजल्या.

मॅडम म्हणाल्या, पत्रकावर सही आहे, त्यामुळे सध्या यादी हीच. यादी सत्तावीस तारखेला बंद होणार. हे म्हणताना त्या बाईंकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

गुरुवार, २० मार्च

एक वाजता टाकीवर गेलो. फक्त खात्री करायला.

चौदा.

टाकीच्या सावलीत एका ओळीत. ड्रायव्हर आतच पाय वर घेऊन झोपलेले, कोणी पत्ते खेळत होतं. व्हॅनवाल्या बाई आपल्या गाडीच्या पायरीवर बसून एका सीटचं फाटलेलं कव्हर शिवत होत्या. मला बघितलं, दोरा दाताने तोडला, पुढचा टाका घातला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

तिथून सरळ गल्लीत गेलो. तिला बघितलं की डोकं थंड होतं. ती दिसली नाही. पाच वाजता निळी गाडी उभी होती. सवयीने वाकून बघितलं. पुढचं सात, मागचं दोन. सवयीने लिहिलंसुद्धा.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी आठला गल्लीत गेलो. काम नव्हतं.

निळी गाडी. पुढचं सात, मागचं दोन.

काचेवर दव.

शनिवार, २२ मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही. आजही फारसं येत नाही. चूक झाली असेल म्हणून काल सकाळी मी तीनदा वाकून बघितलं. वहीचं मागचं पान उघडून ताडून बघितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, दोन्ही चाकं पुन्हा त्याच जागी येणं जवळपास अशक्य. 'जवळपास' या शब्दावर मी अर्धा तास उभा होतो. मग जिन्यावरून ती आणि चष्मेवाला उतरले. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. तिने मला बघितलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. साधी. किल्ली तिने त्याला दिली नाही. स्वतः चालवायला बसली.

फळं. आम्हाला. होईल. सगळं माझ्याच रजिस्टरात होतं, माझ्या अक्षरात, वेळेसकट. मीच मोजलं. बारा दिवस त्या माणसाची हजेरी मीच मांडली.

राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली. आला नाही. मीटर फेकायला भिंतच सापडेना. तिने कधी काही म्हटलंच नव्हतं. प्रॅक्टिकललासुद्धा नव्हतं. "मी सांगितलं होतं का तुला?" हा प्रश्न होता. मला वाटलं होतं, लाजते आहे.

आणि मी तिच्या खिडकीखाली यंत्र बसवतोय. चौदा व्हॅनवर शून्य टाकून.

आज ऑफिस अर्धा दिवस. मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"टाकीच्या दुपारच्या फेऱ्या मी मारल्याच नाहीत. चार घरं रिकामी होती. लाल होत होती, म्हणून शून्य टाकलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बारा दिवस?"

"बारा दिवस."

"का?"

याचं उत्तर टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. 

"शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बघितलंच नाही, त्याला शून्य म्हणत नाहीत. ते घर लाल होतं म्हणजे ते खरं बोलत होतं." मग कॅलेंडरकडे बघितलं. "मंगळवारी पुन्हा मोज. दोन्ही जागा, एकाच दिवशी, दर अर्ध्या तासाला. पत्रकावर दोन मोजणाऱ्यांच्या सह्या. एकट्याच्या सहीवर मी आता घेणार नाही. बुधवारी सकाळी टेबलावर हवं. आणि त्यानंतर..."

"कळलं," मी म्हटलं.

लाइनमन काकांना विचारलं. त्यांना सही करता येत नाही, ते वीज कंपनीचे. "नाहीतर आलो असतो रे, इंजिनिअर," म्हणाले. पहिल्यांदाच त्या शब्दाचा राग आला नाही. टायरवाल्याला विचारलं, तो म्हणाला दुकान कोण बघणार. कॉलेजच्या तीन जणांना फोन लावला. दोघांनी उचलला नाही. तिसरा म्हणाला, "कोण?"

माझ्या ओळखीत दुसरी सही नाही.

रविवार, २३ मार्च

ताईला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, गल्लीतल्या तिच्याबद्दलसुद्धा. इतक्या वेळ मी फोनवर कधी बोललो नसेन. ती मधे एकदाही बोलली नाही, फक्त दोनदा "थांब हं" म्हणाली आणि थांबली. शेवटी म्हणाली, "मंगळवारी मला सुट्टी नाही मिळणार."

"माहीत आहे. मी असंच सांगितलं."

"किती वाजता सुरू करायचं असतं?"

"आठ."

"बरं," म्हणाली.

मंगळवार, २५ मार्च

सावकाश लिहितो.

पावणेआठला टाकीखाली पोचलो. तिथल्या कट्ट्यावर बाबा बसले होते. खाकी टोपी, पाण्याची बाटली, खिशाला पेन. पोस्टात तेहतीस वर्षं रोज बाहेर पडायचे तसेच. चौदा महिन्यांत ते बारीक झालेत, का टोपी मोठी वाटते, कळलं नाही.

मी म्हटलं, "बाबा."

ते म्हणाले, "कागद दे."

समजावायला लागलो, व्हॉल्व्ह, घड्याळ, सात-दोन. त्यांनी हात वर केला. "माहीत आहे." ताईने शिकवलं असणार. मग विचारलं, "गल्ली कुठली?"

"वाचनालयाची. पण तिकडे मी..."

"गल्ली मी घेतो," ते म्हणाले. "तू टाकी बघ."

आणि निघाले. डाव्या बाजूने, सावलीतून. मागे वळून बघितलं नाही.

दिवसभर मी टाकीवर. आठ ते बारा, खरंच शून्य. प्रत्येक अर्ध्या तासाला मैदानाभोवती फिरून, बघून, मग शून्य. असं शून्य लिहायला वेळ लागतो. साडेबाराला पहिली व्हॅन आली, मग रांगच लागली. पहिली: पुढचं चार, मागचं नऊ. मी प्रत्येक चाकापाशी वाकत होतो. व्हॅनवाल्या बाई पायरीवरून बघत होत्या. तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, "आज डोळे उघडलेत वाटतं."

"हो."

"माझं चाक नीट बघ. मागचं अकरा आहे. मी मुद्दाम बघितलं."

अकराच होतं. साडेचारपर्यंत अकराच.

सहाला मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. आत गेलो नाही. बाबा उजव्या बाजूने आले, उन्हात रापलेले. त्यांच्या पत्रकात एकही घर रिकामं नव्हतं, एक खाडाखोड नव्हती. पोस्टाचं अक्षर, प्रत्येक आकडा वेगळा उभा. निळ्या गाडीची ओळ होती. मला वेड्यासारखं वाटत होतं की ती नसेल, ते वगळतील. होती. सकाळी आठपासून. इतर सगळ्या ओळींसारखीच एक ओळ.

"निळी होती?" मी तरी विचारलं.

"होती."

"कोणी... बाहेर आलं होतं?"

"माझं काम गाडीचं," बाबा म्हणाले. बाटली उघडली, ती रिकामी होती, पुन्हा बंद केली. मग म्हणाले, "त्या इमारतीतल्या एका मुलीने पाणी विचारलं. उन्हात फिरता, म्हणाली. घेतलं मी."

मला बारा दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. पण मी पत्ता शोधत असल्यासारखा दिसत नसेन, दारात अडून राहिल्यासारखा दिसत असेन.

कट्ट्यावर बसून त्यांनी दोन्ही पत्रकं पहिल्या ओळीपासून वाचली. माझंही. घाई नाही. मग सही केली. ही सही मी शेवटची बघितली ती कॉलेजच्या अर्जावर. या वेळी कागद फाटला नाही.

"चहा?" मी म्हटलं. "खोली जवळच आहे."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "बस सुटेल," म्हणाले.

सुटली नसती. बस अर्ध्या तासाने होती. मला वेळापत्रक पाठ आहे आणि त्यांनाही असणार. स्टॉपपर्यंत बरोबर गेलो. ते पुढे, मी दोन पावलं मागे. बसमध्ये खिडकीशी बसले, पण पलीकडच्या बाजूच्या. टोपीची मागची बाजू दिसत होती.

खोलीवर येऊन खुर्चीवरचे कपडे घडी करून ठेवले. कोणी येणार होतं म्हणून नाही.

शुक्रवार, २८ मार्च

यादी काल बंद झाली. टाकीचा चौक चौदा, वाचनालयाची गल्ली सात. यंत्र टाकीखाली लागणार, आधी चार जोडण्या, जागा आठांची. लाइनमन काकांनी डीपीची सही एका मिनिटात केली.

मॅडमनी मला बोलावलं. महिन्याअखेर काम थांबवायचं, म्हणाल्या.  "पहिलं पत्रक मला फायलीत ठेवावंच लागेल. दुसरंही त्याच फायलीत आहे. जो उघडेल त्याला दोन्ही दिसतील." मग विचारलं, "दुसरी सही कोणाची? मोजणी फार चांगली आहे."

"माझ्या वडिलांची."

"ते काय करतात?"

"पोस्टमन होते," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता थांबलो. दार चुकत नाही. डावीकडून सुरू कर, सावली मिळते. एक माप मोठं घ्यायचं असतं.

"बरं वाटत नाहीये का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, नाही. ठीक आहे."

रविवार, ६ एप्रिल

नोकरी नाही. टायरवाल्याकडे सकाळी हवा भरायला उभा राहतो, दुसरं मिळेपर्यंत. व्हॉल्व्ह आता हातातच असतात.

शुक्रवारी दुपारी टाकीवर जाऊन आलो. डांबरावर पिवळी चौकट आखली आहे, अजून यंत्र नाही, नुसती चौकट. व्हॅनवाल्या बाईंनी आपली व्हॅन बरोबर त्या चौकटीत लावून ठेवली होती. "आत्तापासून?" मी विचारलं. "जागेला सवय लागू दे," म्हणाल्या. मग पायरीवर थोडं सरकल्या. मी बसलो.  साडेचारला त्यांनी उठून गाडी सुरू केली. आवाज आला नाही, चाकं तेवढी फिरली. चौकट रिकामी राहिली आणि मैदानात मी एकटा.

परतताना गल्लीवरून आलो नाही. लांबून आलो.

आज सातला ताईचा फोन. तिचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले, जेवलास का, उन्हात फिरतोस का, काम कुठे बघतोयस, पायाला आता बरं आहे का.

मी म्हटलं, "ताई, बाबांना सांग, बूट नऊचे चावतात. दहाचे लागतील."

 पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या पंख्याचा. मग ताई म्हणाली, "ऐकलं त्यांनी."